ढग कोणाचा, जबाबदारी कोणाची?

संगणक हा शब्द आता आपणांपैकी कोणालाच नवा राहिलेला नाही. परंतु संगणकाच्या पाठोपाठ 'क्लाउड' नावाचे जे प्रकरण आपल्या कचेऱ्यांत, महाविद्यालयांत आणि खिशातल्या फोनमध्ये शिरले आहे, त्याविषयी बोलणारे पुष्कळ आणि समजून घेणारे थोडे, अशी आजची स्थिती आहे. 'आमचे सगळे क्लाउडवर असते' असे एखाद्याने म्हटले की ऐकणारा मान डोलावतो. पण ते 'वर' म्हणजे नेमके कोठे, ते सांभाळतो कोण, आणि हरवले वा चोरीस गेले तर जाब कोणास विचारावयाचा, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा, आणि त्यांतही तिसऱ्याचा, विचार करावयाचा आहे.

मी मूळचा सीमाभागातला, या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यातील देपालपूर या तालुक्याच्या गावी राहतो. इंदूरपासून हे गाव सुमारे चाळीस किलोमीटरवर. आजूबाजूस माळव्याची काळी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. होळकरांच्या काळापासून या मुलखात मराठी घरे आहेत, त्यामुळे परकेपणा वाटत नाही. संध्याकाळी येथील काही पदवीधर मुलामुलींबरोबर मी संगणक-सुरक्षेच्या एका प्राथमिक परीक्षेचा अभ्यास करीत बसतो. 'आय.एस.सी.टू' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली सुरू केलेली ही परीक्षा 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी' या नावाने ओळखली जाते. तिला बसण्यासाठी नोकरीचा अनुभव लागत नाही. लहान गावातल्या मुलांना तिचे आकर्षण वाटते ते यामुळेच.

या परीक्षेचे पाच भाग आहेत : सुरक्षेची तत्त्वे, आपत्तीतही काम चालू ठेवण्याची तयारी, प्रवेशाचे नियंत्रण, जाळ्यांची सुरक्षा आणि दैनंदिन सुरक्षाव्यवहार. यांपैकी जाळ्यांच्या सुरक्षेच्या भागात क्लाउडचा विषय येतो. मुले त्यातील तीन प्रकारांची इंग्रजी नावे दोन दिवसांत घोकून पाठ करतात. पण 'अमुक प्रकारात चोरी झाली, तर चूक कोणाची?' असे विचारले की वर्गात शांतता पसरते. वास्तविक ती तीन नावे निर्माण झाली तीच या एका प्रश्नाचे उत्तर सोपे व्हावे म्हणून. हे ध्यानात आले की पाठांतराची गरज राहत नाही.

ढग जमिनीवरच असतो

प्रथम 'वर' या शब्दाचा गैरसमज दूर करू. क्लाउड आकाशात नसतो. तो सिमेंट-काँक्रीटच्या भक्कम इमारतीत असतो. तेथे हजारो संगणक मांडण्यांवर रचलेले असतात, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे अहोरात्र चालतात, वीज गेली तर जनित्रे सुरू होतात आणि दारावर पहारा असतो. आपण ज्याला परदेशी प्रकरण समजतो त्याचा बराच भाग आपल्या मराठी मुलखातच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपली भारतातील पहिली क्लाउड केंद्रे उघडली, त्यांपैकी एक पुण्यात. ॲमेझॉनने २०१६ च्या जूनमध्ये मुंबई विभाग सुरू केला आणि गूगलने २०१७ साली. तेव्हा देपालपूरच्या दुकानदाराने रात्री चढवलेला हिशेब नवी मुंबईतल्या एखाद्या इमारतीत जाऊन पडत असेल, तर त्यात आश्चर्य काही नाही.

कल्पनाही अगदी नवी नाही. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी असा विचार मांडला होता की, पाणी आणि वीज जशी सार्वजनिक सेवा म्हणून मिळते, तशी गणनशक्तीही एके दिवशी मिळू लागेल. आपल्याकडेही याचे बीज दिसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा इतर संस्थांतील संशोधकही आपापली कामे त्याच्यावर करून घेत. यंत्र एकाचे, उपयोग अनेकांचा, हे तत्त्व तेच. फरक एवढाच की त्या काळी कार्डांचे गठ्ठे घेऊन जावे लागे, आज तारेवरून काम जाते.

विक्रीची सेवा म्हणून क्लाउडला आजचे रूप आले ते २००६ साली. त्या वर्षी ॲमेझॉनने आधी साठवणुकीची जागा आणि मग चालते संगणक तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला. आपल्या सरकारनेही 'मेघराज' या समर्पक नावाने सरकारी क्लाउडची योजना आखली आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने २०१४ साली त्याखाली राष्ट्रीय क्लाउड सुरू केला.

ढगाची पाच लक्षणे

भाड्याने घेतलेला प्रत्येक संगणक म्हणजे क्लाउड नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०११ च्या सप्टेंबरात एक छोटीशी व्याख्या प्रसिद्ध केली. आजही परीक्षांतून तीच प्रमाण मानतात. तिच्यात पाच लक्षणे सांगितली आहेत.

पहिले, हवे तेव्हा आपले आपण घेता येणे. अर्ज करून मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. दुसरे, जाळ्यावरून कोठूनही, कोणत्याही साधनाने वापरता येणे. तिसरे, साधनांची सामाईक कोठी. एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकांचे काम चालते. चौथे, ताणले तर वाढणे व सोडले तर आक्रसणे. पाचवे, वापराची मोजदाद आणि तेवढाच आकार.

चौथे लक्षण विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, हा अनुभव कोणास नाही? वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ज्या संगणकाकडे कोणी फिरकत नाही, त्याच्यावर एका सकाळी लाखो मुले तुटून पडतात. त्या एका सकाळीसाठी शंभर संगणक विकत घेणे परवडत नाही. क्लाउडवर मात्र ते शंभर संगणक त्या सकाळपुरते घेता येतात आणि दुपारी परत करता येतात.

पाचव्या लक्षणाबाबत एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेत 'मोड' म्हणजे ढग. आपल्या मराठीत मोड म्हणजे सुटे पैसे. दोन्ही भाषा शेजारीशेजारी ठेवणाऱ्या या अंकाच्या वाचकांना ते लक्षण विसरणे अवघड जावे. सुट्या पैशांचा चोख हिशेब, हाच या ढगाचा धंदा.

लग्न एक, तऱ्हा चार

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सेवेच्या तीन प्रकारांसाठी मी वर्गात लग्नाचा दाखला देतो.

जुन्या काळी लग्न घरच्या अंगणात होई. मांडव आपला, चूल आपली, भांडी शेजारपाजारची, पाणी विहिरीचे. सारे कष्ट आपले आणि सारा अधिकारही आपला. स्वतःच्या इमारतीत स्वतःचे संगणक ठेवणारी संस्था ती ही.

दुसरी तऱ्हा धर्मशाळा भाड्याने घेण्याची. मालक छप्पर देतो, भिंती देतो, पाणी आणि वीज देतो. बाकी हलवाई आपण आणायचा, शेगड्या, पातेली आपण आणायची, दाल-बाफले करायचे की पुरी-भाजी हे आपण ठरवायचे, आणि रात्री दाराला कडी लावायची तीही आपणच.

तिसरी तऱ्हा अशी की मंगल कार्यालयाचे स्वयंपाकघर तयार असते. शेगड्या पेटलेल्या, भांडी घासलेली, गॅस संपला तर बदलायला माणूस हजर. आपण आपला हलवाई आणि आपला पदार्थ घेऊन जावयाचे. चुलीची काळजी आपली नव्हे. पदार्थ बिघडला तर मात्र दोष आपल्याकडे.

चौथी तऱ्हा आजकाल सर्वत्र दिसते ती. ताटामागे दर ठरवायचा आणि पंगतीस बसायचे. काय शिजले, कोणी शिजवले, कोठून आणले, हे पाहण्याचे कारण नाही.

परंतु मित्रहो, चारही तऱ्हांत दोन गोष्टी बदललेल्या नाहीत. एक, निमंत्रणाची यादी : कोणाला आत घ्यावयाचे हे यजमानच ठरवतो. दुसरी, आहेराची पेटी : तिच्यात काय आहे, तिची किल्ली कोणाजवळ आहे आणि रात्री ती कोठे ठेवली आहे, हे यजमानानेच पाहावयाचे असते. पंचपक्वान्नांचे कंत्राट दिले म्हणून पेटीची राखण कंत्राटदारावर जात नाही.

तीन नावे आणि त्यांचा अर्थ

आता शास्त्रीय नावे देतो. धर्मशाळेच्या तऱ्हेला 'इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस' म्हणतात, संक्षेपाने 'आयास'. येथे कंपनी इमारत, यंत्रे, साठवणूक आणि जाळे पुरवते. त्या यंत्रांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चढवावी, तिच्या सुरक्षादुरुस्त्या केव्हा बसवाव्यात, कोणती दारे उघडी ठेवावीत आणि कोणती बंद, हे सर्व गिऱ्हाइकाचे काम.

स्वयंपाकघराच्या तऱ्हेला 'प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस' म्हणतात, संक्षेपाने 'पास'. ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्या दुरुस्त्या येथे कंपनीकडे. गिऱ्हाईक आपला प्रोग्राम लिहून आणतो आणि तेथे चालवतो. गूगलने २००८ साली आणलेले 'ॲप इंजिन' हे याचे सुरुवातीचे उदाहरण. प्रोग्रामात भोक राहिले तर ते लिहिणाऱ्याने बुजवावयाचे.

ताटाच्या तऱ्हेला 'सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस' म्हणतात, संक्षेपाने 'सास'. तयार प्रोग्राम जाळ्यावरून वापरावयाचा. २००४ साली सुरू झालेली गूगलची टपालसेवा जीमेल आपण सारे रोज वापरतो, ती याच जातीची. २०१५ पासूनचे सरकारी 'डिजिलॉकर' हेही नागरिकाच्या दृष्टीने तसेच.

येथे लग्नाचा दाखला अपुरा पडतो, तेही सांगितले पाहिजे. कार्यालयात एका मुहूर्तावर एकच लग्न असते. क्लाउडमध्ये एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेकांची लग्ने लागत असतात आणि एकाच्या मांडवातून दुसऱ्याच्या मांडवात डोकावता येत नाही. ही अदृश्य भिंत 'हायपरवायझर' नावाचा प्रोग्राम उभी करतो. एका यंत्राचे तो अनेक आभासी यंत्रांत विभाजन करतो. भिंत मजबूत ठेवणे हे कंपनीचे काम. आपल्या मांडवाचे दार उघडे टाकू नये, हे आपले.

सेवेच्या तीन प्रकारांबरोबर मांडणीचे चार प्रकार येतात आणि मुले त्यांची गल्लत करतात. कोणासही भाड्याने मिळतो तो सार्वजनिक क्लाउड. एकाच संस्थेसाठी राखलेला तो खाजगी. समान गरजांच्या काही संस्थांनी मिळून चालवलेला तो सामुदायिक. आणि यांपैकी दोन वा अधिक प्रकार जोडून केलेला तो संमिश्र. सेवेचा प्रकार 'काय भाड्याने घेतले' हे सांगतो. मांडणीचा प्रकार 'कोणाबरोबर वाटून घेतले' हे सांगतो. एवढे वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

पेटी कशी फुटते

हे सारे केवळ परीक्षेपुरते नाही. गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहिल्या की जबाबदारीची वाटणी किती खरी आहे ते कळते.

२०१९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेतील मोठी चोरी उघडकीस आली. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती. परंतु चोर शिरला तो बँकेने स्वतः बसवलेल्या संरक्षक भिंतीच्या चुकीच्या मांडणीतून, आणि त्या भिंतीला दिलेला अधिकारही गरजेपेक्षा जास्त होता. धर्मशाळेची भिंत शाबूत होती. आतील कडी लावलेली नव्हती. २०२० साली नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला तो बँकेला.

दुसरी घटना २०२४ ची. स्नोफ्लेक नावाची एक कंपनी इतर संस्थांना माहितीचे प्रचंड साठे ठेवण्याची व चाळण्याची तयार सेवा देते. तिच्या सुमारे १६५ गिऱ्हाइकांच्या खात्यांना धोका पोहोचला असावा, असे तपास करणाऱ्यांनी सांगितले. कंपनीची स्वतःची यंत्रणा फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. गिऱ्हाइकांच्या नोकरांचे पासवर्ड आधीच चोरीस गेलेले होते आणि त्या खात्यांना दुसरी खूण, म्हणजे फोनवर येणारा अंक वा तत्सम पडताळा, लावलेली नव्हती. निमंत्रणपत्रिका ज्याच्या हाती, तो आत. दारवान तरी काय करणार?

तिसरी घटना आगीची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओ.व्ही.एच. या कंपनीच्या केंद्रातील एक इमारत जळून खाक झाली. ज्यांनी आपल्या माहितीची दुसरी प्रत दूर अन्यत्र ठेवली होती त्यांचे काम पुन्हा उभे राहिले. ज्यांची एकुलती प्रत त्या इमारतीत होती, त्यांची कायमची गेली. उलट २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गूगलच्या क्लाउडवरील संपूर्ण खाजगी विभाग गूगलच्याच मांडणीतील चुकीने पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासदांचा निधी तो! पण निधीच्या चालकांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेली होती, म्हणून सारे परत मिळाले. चूक दुसऱ्याची असली तरी वाचवले ते आपल्याच सावधपणाने.

घराजवळही पाहू. मध्य प्रदेशातील नगरपालिका व नगर परिषदांची कामे 'ई-नगरपालिका' या सामाईक यंत्रणेवर चालत. २०२३ च्या डिसेंबरात तिच्यावर खंडणीखोर प्रोग्रामाचा हल्ला झाला आणि राज्यभर नागरिकांची ऑनलाइन कामे अडून राहिली. सामाईक कोठीचे बळ आणि तिची दुर्बलता, दोन्ही यात दिसतात. प्रत्येक लहान गावाला स्वतःचा संगणकतज्ज्ञ ठेवणे शक्य नाही, म्हणून एक मोठी यंत्रणा हवीच. परंतु ती बंद पडली की सारी गावे एकदम बंद पडतात.

आणि आता अगदी लहान प्रमाणावरची एक हकीकत. ती कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाही. या भागातील एका खाजगी शिकवणी वर्गाने विद्यार्थ्यांची यादी फुकट मिळणाऱ्या एका तक्त्यात ठेवली होती. नावे, पत्ते, फोनचे क्रमांक, आधारपत्रांची छायाचित्रे, सारे एकत्र. सोय म्हणून तो तक्ता 'ज्याच्याकडे दुवा असेल त्या कोणासही' पाहता येईल असा ठेवला आणि दुवा मुलांच्या गटात पाठवून दिला. दुवा एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेला. काही आठवड्यांनी मुलींना अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. माझ्याबरोबर अभ्यासास बसणारी एक मुलगी त्यांतलीच. तिच्या वडिलांनी फोन काढून घेतला आणि शिकवणीही बंद केली. चालकांना विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'एवढ्या मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर होते, आम्ही काय करणार?'

कंपनीने आपले काम चोख केले होते. इमारत शाबूत, यंत्रे शाबूत, प्रोग्राम निर्दोष. ताट उत्तम वाढले गेले. आहेराची पेटी मात्र यजमानाने रस्त्यावर उघडी ठेवली आणि शिक्षा झाली ती जिचे नाव पेटीत होते तिला. सेवेच्या प्रकारांचा अभ्यास का करावयाचा, याचे याहून स्पष्ट उत्तर मला देता येत नाही. त्या मुलीने नंतर आईच्या फोनवरून अभ्यास चालू ठेवला, आणि जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न आमच्यात सर्वांत आधी सोडवते ती तीच.

कायदा काय सांगतो

'आम्ही काय करणार?' हे उत्तर कायद्यालाही मान्य नाही. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. त्यात तत्त्व असे घातले आहे की, लोकांची माहिती कशासाठी व कशी वापरावयाची हे जो ठरवतो तोच तिचा जबाबदार विश्वस्त. प्रत्यक्ष काम त्याने दुसऱ्या कोणाकडून करून घेतले, त्यासाठी कोणताही करार केला, तरी जबाबदारी सुटत नाही. योग्य संरक्षण न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याआधी २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आदेश काढला की, ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवली पाहिजे. आपली कोणती नोंद कोणत्या क्लाउडवर आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो सहा तासांत काय कळवणार?

करारावरून आठवले. क्लाउडच्या सेवेबरोबर 'सर्व्हिस लेव्हल ॲग्रीमेंट' नावाचा करार येतो आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येऊ शकतो. सेवा किती वेळ चालू राहील, बंद पडल्यास काय भरपाई, माहिती परत कशी मिळेल, हे त्यात लिहिलेले असते. '९९.९ टक्के वेळ चालू' हे वाचावयास फार छान वाटते; पण हिशेब केला तर वर्षातून सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची ती मुभा आहे. ते पावणेनऊ तास नेमके निकालाच्या दिवशी आले तर? म्हणून आकडा पाहून भुलू नये, त्याचा गुणाकार करून पाहावा.

परीक्षेस बसणाऱ्यांसाठी

शेवटी विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे थोडेसे. या विषयावरील प्रश्न सोडवताना तीन नावांपासून सुरुवात करू नये. तीन विचारांनी करावी.

पहिला विचार : बिघाड कोणत्या थरात आहे? इमारत, यंत्रे, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्राम, की माहिती? दुसरा : तो थर भाड्याने घेतलेला आहे की आपण आणलेला? तिसरा : प्रश्न माहितीचा किंवा प्रवेशाचा असेल, तर सेवेचा प्रकार पाहण्याची गरजच नाही, पेटी आणि यादी यजमानाची.

करून पाहू. एका संस्थेने भाड्याच्या आभासी यंत्रावर स्वतः ऑपरेटिंग सिस्टीम चढवली आणि तिची दुरुस्ती सहा महिने बसवली नाही, दोष कोणाचा? थर आपण आणलेला, म्हणून आपला, प्रकार 'आयास'. एका महाविद्यालयाने आपला प्रवेश-अर्जाचा प्रोग्राम कंपनीच्या तयार व्यासपीठावर चालवला आणि खालच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये दोष निघाला. दुरुस्ती कोणी करावी? तो थर भाड्याचा, म्हणून कंपनीने, प्रकार 'पास'. एका कचेरीच्या टपालसेवेत सोडून गेलेल्या कारकुनाचे खाते वर्षभर चालू राहिले, जबाबदार कोण? हा यादीचा प्रश्न, म्हणून कचेरी. सेवा 'सास' असली तरीही. आणि केंद्राच्या इमारतीत कोणी भलताच माणूस शिरला तर? सार्वजनिक क्लाउडमध्ये ती भिंत तिन्ही प्रकारांत कंपनीची.

प्राध्यापक बंधुभगिनींनाही एक विनंती. आपल्या विभागातील गुणांचे तक्ते, विद्यार्थ्यांचे पत्ते, शिष्यवृत्तीचे कागद कोठे ठेवले आहेत याची एकदा नोंद करावी. प्रत्येकापुढे तीन रकाने पुरेत : हे पाहू शकते कोण, दुसरी प्रत कोठे आहे, आणि काम संपल्यावर हे पुसावयाचे कधी. पासवर्डाबरोबर दुसरी खूण लावून घ्यावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. त्याला तंत्रज्ञ लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

क्लाउड वाईट, असा या लेखाचा निष्कर्ष काढू नये. देपालपूरसारख्या गावातला मुलगा आज थोडक्या पैशांत असा संगणक तासभर भाड्याने घेऊन शिकू शकतो, जो त्याच्या महाविद्यालयाला विकत घेणे कधी परवडले नसते. ही लहानसहान गोष्ट नव्हे. कष्ट दुसऱ्याकडे सोपवता येतात आणि ते सोपवावेत. त्यात शहाणपण आहे. मात्र काय सोपवले आणि काय आपल्याकडे उरले, याची यादी सोपवण्याआधी करावी. ज्यांनी विश्वासाने आपले नाव आणि पत्ता आपल्या हाती दिला, त्यांची राखण त्या यादीत नेहमीच आपल्या बाजूला येते.